जिवलीचं बियाणं

जिवलीने पिशवीतून फडक्याचं गाठोडं काढलं आणि दवाखान्यातल्या समुपदेशक मंजुळाताईंच्या टेबलावर ठेवलं.

"तुला आनला, बाय. कांडून खा."

ताईंनी गाठ सोडली. आत सालासकट भात होता, निर्गुडीचा सुका पाला मिसळलेला.

"अगं, कशाला एवढं?" त्या मनापासून हसल्या आणि कागद पुढे ओढला. "झोप लागते?"

"लागं."

"मन उदास होतं?"

जिवली खिडकीबाहेर बघत राहिली. "नाय."

ताईंनी दोन खुणा केल्या. बाकावर शेजारी बसलेली सोजराबाई त्या खुणा बघत होती. पुढचा नंबर तिचा. झोपेच्या गोळ्या संपून तीन दिवस झाले होते, आणि चिठ्ठीवर सही करणारे डॉक्टर एक वाजता उठत.

पालघरच्या या दवाखान्यात दोघी महिन्यातून एकदा भेटत. सोजराबाईचा नवरा नागोराव बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात होता, जिवलीचा नवरा सुका रेतीच्या होड्यांवर. दोघेही एड्सने गेले आणि आजार बायकांकडे ठेवून गेले. सोजराबाई ताईंपुढे रडायची, म्हणून तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला असे. जिवली कधी रडली नाही. तिचा कागद जवळजवळ कोराच.

"या आदिवासी लोकांचं एक बरं असतं, सोजराबाई," ताई जिवलीदेखत म्हणाल्या. "डोक्याला ताप करून घेत नाहीत. शिका जरा."

सोजराबाईचं लक्ष पाल्याकडे होतं. परभणीकडे तिची आई ज्वारीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून कणगीत असाच कडुलिंबाचा पाला घालायची. दुष्काळात घरातल्यांनी रानातला तरोटा उकडून खाल्ला, पण त्या कणगीला कुणी हात लावला नव्हता.

"ताई, हे बियाणं हाय."

"म्हणजे?"

"पेरायचं. खायचं नव्हं."

"असेल की तिच्याकडे आणखी."

सोजराबाई वळली. "हाय का गं घरी आनखी?"

जिवलीने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"आन् तुज्या कोंबड्या?"

"सगल्या जावंला दिल्या."

"बघा," ताई म्हणाल्या, "किती वाटून खाणारी माणसं. चला, तुमचा नंबर. डॉक्टर निघतील."

सोजराबाई उठली नाही. घड्याळात पाऊण वाजला होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरत होतं.

"तिला परत इचारा, ताई."

"आत्ताच विचारलं ना?"

"मनाचं नका इचारू. येत्या पावसाचं इचारा."

ताई वैतागल्या, पण वळल्या. "काय गं जिवली, या पावसात काय पेरणार?"

जिवलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पावसाचा माला नको इचारू, बाय. तवर मी कुठं?"

आवाज नेहमीसारखाच होता, थंड. ताईंचं पेन कागदावर टेकलं होतं. खूण न करताच त्यांनी टोपण लावलं आणि खुर्ची टेबलाला वळसा घालून जिवलीसमोर आणली.

दारातून शिपायाने डोकं घातलं. "सोजराबाई कोण? या लवकर, साहेब हात धुतायत."

"त्येंला म्हनावं, जावा," सोजराबाई म्हणाली, आणि जिवलीच्या बाजूला सरकून बसली.