बोमराजाला शेंदूर

आखाडा बाळापूरच्या फाट्यावर एसटीतून उतरताना अमृतराव गुरुजींच्या गुडघ्यांनी साफ सांगितलं, आता पुन्हा येणं नाही. म्हणून तर ते नातीला, दीक्षाला, घेऊन आले होते. बोमराजाच्या दगडावरची ओळ तिनं स्वतः बोट लावून वाचावी, एवढं एकच त्यांचं उरलं होतं.

दगड गावच्या तळ्याकाठी, जुन्या काळी बोमराजानं कोरून उभा केलेला. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेल्या ओळी, खाली एक बाई आणि गाढव. गावानं ओळी कधी वाचल्या नाहीत. गाढव तेवढं पाहिलं. राजा गाढवाच्या पोटचा, महापापी, त्याच्यापायी उन्हाळ्यात तळं आटतं, असं ठरवून टाकलं. लग्नाला निघालेल्या प्रत्येक नवरदेवानं दगडाला एक जोडा हाणायचा, ही रीत. ज्यांना त्या तळ्याचं पाणी शिवू देत नव्हते, त्या गुरुजींच्या वस्तीतले नवरदेव तर जास्तच हौसेनं हाणायचे.

नोकरीत लागल्यावर गुरुजींनी शाळेतला खडू कुटून त्या ओळींत चोळला आणि एकेक अक्षर लावलं. तळ्याचं पाणी गावातल्यानं भरावं, गावाबाहेरल्यानंही भरावं. जो अडवील त्याच्या आईला गाढव लागो. म्हणजे शिवी राजानंच दिलेली. गावानं ती उचलून त्यालाच चिकटवली. आणि गावाबाहेरला कोण, तर गुरुजींच्या पणज्याचा पणजा. आपल्या बाजूनं एवढी कचकचीत शिवी देणारा एकच राजा भेटला, आणि त्यालाच आपली माणसं जोडे मारून राहिली, हे गुरुजींच्या काळजाला लागलं ते लागलंच.

मग त्यांनी जन्मभर सांगितलं. मांडवात सांगितलं, ग्रामसभेत सांगितलं. लोक माना डोलवायचे आणि पायातली काढायचे. सांगून सांगून जीव विटला, तेव्हा ते हिंगोलीला लेकाकडे जाऊन राहिले. आणि यंदा अचानक कानावर आलं, की जोडे बंद झाले. म्हातारा त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

तळ्यापाशी आले तर दगडाभोवती लोखंडी गजांची जाळी, जाळीला कुलूप. आत दगड नखशिखांत शेंदरानं माखलेला. चंद्र नाही, सूर्य नाही, अक्षर तर नाहीच. गुरुजींचा जुना विद्यार्थी ग्यानोबा किल्ली कमरेला लावून बसला होता. तो लगबगीनं उठला.

"गुरुजी, तुमच्यामुळंच झालं बगा हे. राजा चांगला होता हे पटलं लोकायला. आता बोमदेव म्हनतेत. नवसाला पावून राहिला."

"कुलूप उघड, ग्यानोबा. लेकराला ओळ दाखवायची हाय."

ग्यानोबानं किल्लीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. "आत मानकऱ्याच्याच घरचे जातेत. समितीनं ठरवलंय. तुमी भाईरूनच हात जोडा. काहून उगी तकलीफ?"

गुरुजींना राग यायला हवा होता, पण आला तो नुसता थकवा. जोड्याखाली होता तोवर राजा निदान वाचता तरी येत होता, असं त्यांच्या मनात आलं.

"आबा, कुठंय आपली ओळ?" दीक्षानं विचारलं.

गुरुजी वाकले. उजव्या पायातली चप्पल काढली. जाळीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि जन्मभर ज्यासाठी गावाशी भांडले, तेच केलं. एक हाणली, दुसरी हाणली. शेंदराची जाड खपली सुटून खाली पडली.

"गुरुजी, देवाला?" ग्यानोबा ओरडला.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते जाळीला टेकून दम खात होते.

"वाच," ते नातीला म्हणाले.

दीक्षानं जाळीतून हात घातला, दगडावर बोट टेकवलं आणि अडखळत वाचलं, "गावा... बाहेरि..."

"व्हय," गुरुजी म्हणाले. "ते आपण."