सामान आमचं

कपड्यांच्या दुकानातून कुणी फुलदाणी आणतं का, असं ताईने धाकटीला आधी हसून विचारलं होतं. उद्या औषधांच्या दुकानातून चपला आणशील, असंही वर ऐकवलं. धाकटीने तिला सरळ हाताला धरून दुकानाच्या वरच्या मजल्यावर नेलं. तिथे जीन्स आणि स्वेटरच्या पलीकडे, ट्रायल रूमच्या रांगेला लागून घरसजावटीच्या वस्तू मांडल्या होत्या. उशांचे अभ्रे, उभ्या रेघांच्या काचेच्या फुलदाण्या, वेताच्या टोपीचे दिवे, लाटांसारख्या कडांचे आरसे. दिसायला सगळं मासिकातलं आणि किंमत एखाद्या शर्टाएवढी. ताईने एक अभ्रा उलटा करून शिवण ओढून पाहिली, चेन उघडली-मिटली आणि म्हणाली, "दोन घे."

ताई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती आणि धाकटी कॉलेजात. आईवडील दुसऱ्या गावी. दोघींनी भाड्याने घेतलेलं घर म्हणजे तपकिरी फरशी, ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड आणि बाहेरच्या खोलीत ओल धरून फुगलेला कोपरा. ओलीचं नाव काढलं की घरमालकीण म्हणायची, उन्हाळ्यात सुकेल. ती खालच्याच मजल्यावर राहायची. मालकीणबाई वगैरे म्हणू नका, मावशी म्हणा, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मग दर पगाराला एखादी वस्तू घरात येऊ लागली. सेल कधी लागतो याकडे आता धाकटीपेक्षा ताईचंच जास्त लक्ष असायचं. कोपऱ्यातली ओल डोळ्यांत खुपू नये म्हणून तिथे सुती दोऱ्यांचा विणलेला पडदा टांगला. शेजारी वेताचा दिवा ठेवला. वॉर्डात एखादा दिवस वाईट गेला की ताई ट्यूब न लावता त्या दिव्यापाशी बसून राहायची. धाकटी चहा ठेवायची आणि काही न विचारता आत जायची.

एकदा मावशी गळका नळ बघायला आली ती दारातच थबकली. स्वतःचं घर ओळखू येईना म्हणाली. नळ राहिला बाजूला, तिने फोन काढून खोलीखोलीचे फोटो घेतले. सुनेला पाठवते, तिला असलं काही सुचत नाही, असं म्हणाली. ताईने हौसेने उशा सारख्या केल्या, दिवाही लावून दाखवला.

पुढे काही दिवसांनी वॉर्डातल्या एका मैत्रिणीने जेवणाच्या सुट्टीत ताईपुढे फोन धरला. ती घर शोधत होती. बघ किती छान आहे, पण भाडं झेपणार नाही, म्हणाली. ताईने पाहिलं. दिवा तिचा, आरसा तिचा. न्हाणीघराच्या फोटोत तर खुंटीला तिचाच टॉवेल. खाली लिहिलं होतं, सुंदर सजावटीसह, पुढच्या महिन्यापासून रिकामं. भाडं दीडपट.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावरून आली ती वर न जाता तिने खालच्या मजल्याची बेल दाबली.

मावशी अगदी शांत होती. करार संपतोच आहे, सांगणारच होते, म्हणाली. नवं भाडं देणार असाल तर तुम्हीच राहा, तुम्ही काय मला परक्या आहात. मग जरा जवळ सरकून म्हणाली, "आणि जायचंच झालं तर तो दिवा, आरसा वगैरे राहू दे इथेच. सेलमधलंच ना सगळं? तुम्हाला कुठे महाग पडलंय. मावशीसाठी एवढं कराल."

"मालकीणबाई, तुम्ही माझ्या मावशी नाही," ताई म्हणाली. ती जिना चढून वर गेली.

समजुतीने घेऊ या, असं धाकटीचं म्हणणं. ताईने ते कानाआड केलं. रविवारी घर बघायला माणसं येणार होती. त्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या तिने आरसा उतरवला, अभ्रे काढले, दिव्याची वायर गुंडाळली आणि सगळं चादरींत बांधून आतल्या खोलीत सारलं. पडदा काढला तर मागची भिंत पार काळी पडलेली. ती बघून धाकटीनेही ओढणी कमरेला खोचली आणि कामाला हात लावला.

मालकीणबाई तरुण जोडप्याला घेऊन आली. बायको पोटुशी होती. ती एकदा फोनमधला फोटो बघे, एकदा खोली. हेच घर का, असं तिने विचारलं. पोरींनी आवराआवर काढलीय, सामान परत लागेल, असं मालकीणबाई म्हणाली.

"सामान आमचं आहे," ताई म्हणाली. "घर हे एवढंच आहे. आणि ती ओल पहिल्यापासून आहे."

नवऱ्याने भिंतीला बोट लावलं तर पोपडाच खाली आला. जोडपं गेलं. मालकीणबाईने जिन्यात उभं राहून दोघींचे आईवडील काढले. ताईने दार लावून घेतलं.

महिनाअखेरीस दोघी दुसऱ्या, लहान घरात राहायला गेल्या. तिथे पायपुसणं हवं म्हणून दोघी पुन्हा त्या दुकानात गेल्या, तर वरच्या मजल्यावर मालकीणबाई उभी. टोपलीत तसलाच वेताचा दिवा. हातातल्या फोनवर ताईच्या खोलीचा फोटो, आणि तो विक्रेतीला दाखवून ती आरसा मागत होती. ताईला बघून ओशाळलीसुद्धा नाही.

"बरी भेटलीस," ती म्हणाली. "तो दोऱ्यांचा पडदा कुठे असतो गं? सापडत नाहीये."

"भिंत दुरुस्त करा," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की ट्रायल रूमच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "पडदा कसला शोधताय? तिथे कुणाचं तरी लहान मूल राहायला येईल. असल्या घरांतून छातीत कफ भरलेली मुलं मी रोज बघते."

"भाडेकरू मिळालेसुद्धा," मालकीणबाई म्हणाली. "फोटो बघूनच हो म्हणाले."

ताईने हातातलं पायपुसणं तिथेच शर्टांच्या ढिगावर टाकलं आणि ती जिना उतरून रस्त्यावर आली. धाकटी मागून येईपर्यंत ती दुकानाच्या काचेकडे पाठ करून उभी होती. डोळे लाल झाले होते.

पुढच्या आठवड्यात नवा घरमालक आला. साधा म्हातारा माणूस. कुठे ओलबिल असेल तर दाखवा, माणूस लावून देतो, असं दारातूनच म्हणाला. ताईने त्याला थांबायला सांगितलं. आत जाऊन तिने दिवा बंद केला, आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला, उशांवर चादर टाकली. मग दार पूर्ण उघडलं.

"या," ती म्हणाली, "पण फोन बाहेर काढायचा नाही."

म्हातारा गोंधळून खिसे चाचपायला लागला. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईला तसं काहीच वाटलं नाही. भिंती बघून तो जाईपर्यंत ती त्याच्या हातांकडे बघत उभी राहिली.