चिंचोक्याच्या खळीचा पडदा

मी झुंबरबाई. गंगावेशीत म्हशी राखतो आणि दूध घालतो. आमच्याकडं बाई पण ‘येतो, जातो’च म्हणती, तवा हसू नका. चित्रातलं मला एकच येतंय, पिंपळाचं पान. पण असं येतंय की शेरडू येऊन तोंड लावंल.

शिकवलं पार्श्वनाथ मास्तरांनी. शाळेत चित्रकलेचे मास्तर. रविवारी मात्र आमच्या तालमीच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसायचे आणि पेठेतलं जे कोण येईल त्याच्या हातात ब्रश द्यायचे. पोरं, बाया, पैलवान, सगळे. गणपती जवळ आले की मंडळाच्या मूर्तीमागचा पडदा तिथंच रंगायचा. भलं मोठं मांजरपाटाचं कापड, आणि त्याच्यावर वाकलेली अख्खी पेठ. काय दिवस हुते ते! आता आठवलं तरी जीव थोडा थोडा हुतोय.

मास्तरांचा नियम एकच. जे शिकलास ते आधी दुसऱ्याला शिकव, मगच पुढचं माग. मी पान शिकलो आणि शेजारच्या आकारामला शिकवलं. आकाराम पुढं बगळा शिकला. मला मास्तर म्हणायचे, “झुंबरे, आता फांदी घे.” मी म्हणायचो, “नको मास्तर, धारंची येळ झाली.” म्हशी काय फांदीसाठी थांबत्यात व्हय? म्हणून मी पानावरच राहिलो, आणि पोरं मला पानवाली मावशी म्हणून चिडवायची.

मास्तर जैन. रंगात सरस घालू द्यायचे न्हाईत, कारण सरस जनावराच्या कातड्याचा. मग त्यांच्या मंडळी चंदनाकाकू चिंचोके भाजायच्या, भिजवायच्या, वाटायच्या आणि त्याची खळ शिजवायच्या. ती खळ रंगात घातली की रंग असा खुलायचा की बघत राहावं. खोड एकच, पाणी लागलं की रंग गेला.

मास्तरांना तेच पायजे हुतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पडदा नळाखाली धुवायचा, ही आमची रीत. पोरं भोकाड पसरायची. मास्तर हसायचे. “रडतासा कशाला? जागा मोकळी केली न्हाय तर पुढच्या साली काढशीला कुठं?”

मास्तर गेले त्या साली मात्र पडदा धुवायला कुणाचा हात धजला न्हाय. त्यावर त्यांनी आमच्याकडनं संध्याकाळचा रंकाळा तलाव काढून घेतलता. आम्ही तो गुंडाळला, प्लास्टिकात बांधला आणि तालमीच्या माळ्यावर ठेवला. देव्हाऱ्यात ठेवल्यागत. रविवारचं बसणं तिथंच संपलं. मग दरसाल मागं कापडाची झालर लागायला लागली, आणि माझा जीव दरसाल त्या माळ्याकडं ओढ घ्यायचा.

औंदा मंडळाचा अध्यक्ष झाला कृष्णात. मोबाईलचं दुकान हाय त्याचं. पोरगं गुणाचं, पण बैठकीत म्हणतंय कसं, “मावशी, औंदा मागं एलईडी स्क्रीन लावूया. लाटा हलत्यात त्यात, नाद खुळा!”

माझं टाळकंच सरकलं. “हलूदेत की! लाईट गेली की तुझ्या लाटा कुठं जात्यात ते पण सांग. मास्तरांचा पडदा लावायचा. तो बघून पोरं परत ओसरीवर बसतील.”

“बरं,” कृष्णात म्हणाला. “रविवारी उघडू. चांगला निघाला तर पडदा. न्हाय निघाला तर स्क्रीन, आणि परत कुणी पडद्याचं नाव काढायचं न्हाय.”

“व्हय,” म्हटलं मी. सगळ्यांच्या समोर.

रविवारी पेठ गोळा झाली. चंदनाकाकूंना रिक्षानं आणून खुर्चीवर बसवलं. आकारामनं दोरी सोडली, चौघांनी पडदा उलगडला. 

रंकाळा न्हाय, आभाळ न्हाय, काय न्हाय. नुसता गढूळ डाग, कडंला पुराच्या गाळाची रेघ. मधल्या एका महापुरात तालमीच्या माळ्याला पाणी लागलतं. प्लास्टिक हाय म्हणून आम्ही निवांत होतो, आणि पाणी आत शिरून सगळं घेऊन गेलतं.

मला रडूच कोसळलं. आणि खरं सांगतो, मास्तरांचाच राग आला. एवढा एक शेवटचा पडदा, त्याला तरी सरस घातला असता तर तुमचा काय देव बाटला असता?

कृष्णातनं हळूच विचारलं, “मावशी, सांगू का मग स्क्रीनवाल्याला?” तो वाईट बोलला न्हाय, पण मला ते सुरीगत लागलं.

तवर खुर्चीतनं आवाज आला, “बघत काय बसलासा? धुवा की. ह्या खेपेला जरा उशीर झाला, एवढंच.”

चंदनाकाकू! आधी सगळे दचकले, मग आकाराम हसला, मग सगळेच. मी डोळं पुसत हसलो. पडदा नळाखाली नेला. कृष्णात पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आला आणि पाय आपटून आपटून पडदा तुडवायला लागला. दुपारी उन्हात वाळल्यावर मांजरपाट कोरा दिसत हुता. मी त्याला म्हटलं, “गणपतीला अजून अवकाश हाय. पुढच्या रविवारपतोर थांब.”

“रंकाळा काढणार कोण पण?”

“कोण म्हंजे? तुला बगळा येतोय. ल्हानपणी आकारामनं शिकवलाय, मी बघितलंय. सोंग करू नको.”

कृष्णात लाजला. डोकं खाजवत म्हणाला, “बरं. पण रंकाळ्यात पाणी दिसलं तरच पडदा. बिनपाण्याचा रंकाळा लावला तर लोक जोड्यानं मारतील.”

त्या आठवड्यात ओसरीवर शिकलेल्या सगळ्यांना फोनावर फोन. कबनूरला दिलेली रूपाली आली, तिला आभाळ येतंय. बिद्रीच्या कारखान्यातनं सुट्टी काढून पिराजी आला, तो दगडी पायऱ्या काढायला बसला. काकूंनी खळ शिजवली, आणि तो वास ओसरीवर आला तसा सगळ्यांचा आवाजच बदलला. मोठी मोठी माणसं, पण “माझा ब्रश का घेतलास” म्हणून भांडायला लागली. मी पानं काढली. कृष्णातचा पहिला बगळा कोंबड्यागत झाला, दुसरा बरा उतरला.

पुढच्या रविवारी दुपारपतोर आभाळ झालं, झाडं झाली, पायऱ्या झाल्या. मधी पांढरी जागा राहिली. पाणी! पाणी मास्तर स्वतः काढायचे. ते कुणी शिकलंच न्हवतं. पिराजीनं निळा रंग भरून बघितला, तर रंकाळा न्हाय, ताडपत्री दिसाय लागली. कृष्णातनं खिशातनं मोबाईल काढला आणि माझ्याकडं बघितलं. 

चंदनाकाकू उठल्या. हळूहळू पडद्याजवळ आल्या, खाली बसल्या. ब्रश घेतलाच न्हाय. फडकं ओलं केलं, पिळलं, आणि त्या निळ्यावरनं आडवं फिरवलं. जिथं फडकं फिरंल तिथला रंग उतरायला लागला, आणि उतरलेल्या जागी पाणी चमकायला लागलं. संध्याकाळचं, डुलणारं पाणी.  कृष्णात बाजूला गेला आणि स्क्रीनवाल्याला ‘नको’ म्हणून सांगून आला.

“काकू, हे कवा शिकलासा?” मी विचारलं.

“ते गेले त्याच साली. मी म्हटलं, खळ मी तुम्हाला शिकवली, आता नियमानं तुम्ही मला शिकवा. त्यांनी पाणी शिकवलं.”

“मग इतकी वर्षं बोलला कसं न्हाईसा?”

काकूंनी फडकं मांडीवर ठेवलं. “बोललो असतो तर कुणाला तरी शिकवावं लागलं असतं. शिकवलं की पुढचं मागायची पाळी माझी. मागणार कुणाकडं, झुंबर?”

  मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी मांडी घातली.

“आधी मला पाणी शिकवा. मग पुढचं माझ्याकडं मागा. मला पान येतंय.”

काकूंनी डोळं पुसलं. ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला.

“सैल धर, बाई. म्हशीची धार काढल्यागत आवळू नको.”