पत्रिकांचं झाड

चतुराबाईने बोटावरची खळ पानाच्या पाठीला फासली, पान फांदीवर टेकवलं आणि तळव्याने दाबून धरलं. लग्नपत्रिकेच्या सोनेरी किनारीतून कापलेलं पान होतं ते. खळ ओली असेपर्यंत त्याची कड उचलत राहायची, म्हणून धरून ठेवावं लागायचं. खाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा. तीत अंग चोरून उभं राहून तिची कंबर भरून आली होती.

"सरळ बसलं का?" तिने विचारलं.

खाटेवरच्या रामकिसनने डोळे मिटून उघडले. म्हणजे बसलं. नसतं बसलं तरी त्याने डोळे असेच मिटून उघडले असते, हे तिला ठाऊक होतं. पण विचारलं नाही तर बरं दिसत नाही.

तिच्या नवऱ्याला लकवा मारला त्याला दोन पावसाळे होऊन गेले होते. उजवी बाजू गेली. बोलणं अगदीच गेलं नव्हतं, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा यायचा आणि शब्दासोबत लाळही यायची. त्याची त्याला लाज वाटायची, म्हणून तो बोलणंच टाळायचा. पाठीवर झोपवलं की त्याची मान आपसूक डावीकडे कलायची आणि तिकडे जे काही असेल ते तो बघत राहायचा. आता तिकडे भिंत होती, आणि भिंतीवर झाड.

झाडाला पैसा म्हणून लागला नव्हता. चतुराबाई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. साड्यांबरोबर दुकानातून आलेली रिकामी खोकी उलगडून, दाभणाने एकमेकांना टाचून तिने मोठा पुठ्ठा केला, त्यावर जुनी चादर ताणली. खोड रामकिसनच्या खाकी पँटचं. पाखरं कतरणीची. पानं मात्र सगळी पत्रिकांची. देवाचं चित्र असलेली पत्रिका कोणाला कचऱ्यात टाकवत नाही, त्यामुळे गल्लीत घरोघरी कपाटांवर त्यांचे ढीग साचलेले. चतुराबाईला पत्रिका लागतात असं कळल्यावर लोक हसतहसत आणून द्यायला लागले. पुण्याचं पुण्य, आणि कपाट मोकळं. तीही देवाला कात्री लावत नव्हती. बाजूबाजूने कापून घ्यायची. उरलेले गणपती एका डब्यात साठले होते आणि त्यांचं पुढे काय करायचं, हे तिलाही माहीत नव्हतं.

शेजारची सगीरा दारातून आत आली. तिच्या भाच्याच्या लग्नातल्या चार पत्रिका उरल्या होत्या, हिरव्या मखमली कागदाच्या. कागद कसा जाड आहे, छावणीच्या बाजारात कुठे छापला, किती घासाघीस करावी लागली, हे सगळं सांगून झाल्यावर ती झाडाकडे आणि मग खाटेकडे बघत उभी राहिली.

"भाईसाब नसीबवाले हैं बाई," ती म्हणाली. "माणूस पडला की लोक कोपऱ्यात टाकतेत. तू तर बाग लावून दिली त्यांना."

चतुराबाईने मान फिरवली आणि नखाखालची वाळलेली खळ खरवडायला घेतली. असं कोणी बोललं की तिला खूप काम असायचं.

कारण खरी गोष्ट निराळी होती आणि ती फक्त तिला माहीत होती. खरी गोष्ट अशी, की तिला त्याच्या नजरेचा वीट आला होता.

रामकिसन महामंडळात कंडक्टर होता. गंगापूर, वैजापूर, कन्नड असल्या गाड्यांवर उभं आयुष्य गेलं त्याचं. गच्च भरलेल्या गाडीत पुढून मागे एकदा बघितलं की तिकीट कोणी काढलेलं नाही ते त्याला कळायचं, अशी त्याची ख्याती. हातपाय गेल्यावर तेवढी नजर उरली, आणि ती सगळी चतुराबाईवर आली. तेव्हा खाटेचा रोख ओट्याकडे, मशीनकडे आणि दाराकडे होता. ती भाकरी थापायची, तो बघायचा. ती मशीनवर बसायची, तो बघायचा. तक्रार नाही, रागावणं नाही, नुसतं बघणं. दुपारी मशीनवरच तिचा डोळा लागायचा आणि दचकून उघडायचा, तर समोर ते दोन डोळे. त्यांच्यासमोर तिला रिकामं बसवेना. बसलं की वाटायचं, त्याचं काहीतरी करायचं राहिलंय. मग ती उठून उगीचच भांडं घासायची. जेवायचीसुद्धा उभ्यानेच, ओट्याकडे तोंड करून, चोरून खाल्ल्यासारखी. दया येऊन येऊन ती थकून गेली होती, आणि दयेचा थकवा कोणाला सांगायची सोय नसते.

मग एका सकाळी तिने सगीराच्या नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून खाट उचलली आणि उशापायथा फिरवून परत त्याच भिंतीला लावली. आजाऱ्याचं डोकं पूर्वेला असलेलं बरं, उतार पडतो, असं तिने सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही. असल्या गोष्टीला कोण हरकत घेतं? रामकिसनला तिने विचारलं नाही. विचारून तो काय सांगणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्या दुपारी ती त्याच्या पाठीमागे, पलीकडच्या भिंतीला टेकून, पाय लांब सोडून जेवली. भाकरीवर ठेचा, वर कच्चं तेल. एक घास खाल्ला की थोडा वेळ नुसतीच बसायची. कोणी बघत नव्हतं. तेवढं सुख तिला कित्येक दिवसांत कशातच लागलं नव्हतं. पोट भरल्यावर मात्र तिचं लक्ष खाटेकडे गेलं. त्याच्यासमोर नुसती भिंत होती, निळ्या रंगाचे पोपडे उडालेली, आणि तो ती भिंत बघत पडला होता.

दुसऱ्या दिवशी तिने पहिलं पान कापलं.

सुख सोडवत नव्हतं आणि लाज गिळवत नव्हती, म्हणून झाड वाढत गेलं. ज्या दुपारी तिला जरा जास्त झोप लागायची, त्या संध्याकाळी एखादी फांदी वाढायची. एकदा ती मशीनशेजारी चटई टाकून चक्क घोरत पडली होती; त्या आठवड्यात झाडावर मोर बसला. बायका बघायला यायच्या, फोटो काढून न्यायच्या. चतुराबाईसारखी बायको मिळायला भाग्य लागतं, असं गल्लीत ठरून गेलं. जितकं ते पक्कं होत गेलं, तितकं खाट परत फिरवणं अवघड झालं. आता फिरवली तर सगळे विचारणार, झाड केलंस ते कशाला मग?

कापसाची वेचणी आटोपल्यावर द्वारका आली. ही त्यांची मुलगी, गंगापूरकडे दिलेली. सगीराने फोनवर पाठवलेला झाडाचा फोटो तिने सासरी सगळ्यांना दाखवला होता, आणि आता प्रत्यक्ष बघून तिला भरून आलं. पानांवरून हात फिरवत ती कुठलं पान कोणाच्या लग्नातलं ते विचारत राहिली. चतुराबाईने तिला जेवायला वाढलं, रामकिसनला कालवून भरवलं, तोंड पुसलं, आणि स्वतःचं नंतर बघू म्हणून मशीनवर बसली. दुकानाच्या साड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या.

येताना जीपमध्ये अंग आखडलेलं म्हणून द्वारका बापाच्या खाटेवरच कलंडली. लहानपणी झोपायची तशी त्याच्या उशीवर डोकं ठेवून, त्याच्यासारखंच डावीकडे तोंड करून. झोपली असेल, असं चतुराबाईला वाटलं.

"माय," ती पडल्यापडल्या म्हणाली, "हितून तू दिसंनासच."

चतुराबाईचा पाय मशीनवर थांबला. झाड दिसतंय की, असं ती म्हणाली.

"झाड दिसतंय. माणूस दिसंना. दारात कोण आलं ते बी कळंना." द्वारका उठून बसली. "खाट कुणी फिरिवली?"

चतुराबाईने डोकं पूर्वेला असण्याचं कारण सांगितलं. आतापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं तसंच, पण या वेळी ते तिच्या तोंडातच चुरगळलं. द्वारका काही गल्लीतली बाई नव्हती. तिने दार, ओटा, मशीन बघितलं, मग आईकडे बघितलं.

"घाटी दवाखान्यात डॉक्टर काय म्हणले व्हते? माणसात ठिवा, बोलत राहा. आन् तू भिंतीकडं तोंड करून ठिवलंस त्यांना?"

सांगून टाकावं, असं एकदा चतुराबाईच्या अगदी ओठावर आलं. पोरी, मी दमले. मला कोणी बघत नसलेलं एक जेवण पाहिजे होतं. पण मुलगी हे ऐकून घेईल आणि मग जन्मभर तिच्याकडे याच नजरेने बघेल, याची तिला भीती वाटली. तिने मांडीवरच्या साडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मान काही वर आली नाही.

"मी..."

दोघींनी खाटेकडे बघितलं. रामकिसनचा जबडा हलत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"मीच म्हनलो." लाळ हनुवटीवर आली. त्याने ती तशीच येऊ दिली. "फिरव... म्हनून."

"तुमी?" द्वारका त्याच्यावर वाकली. "कशापायी, दादा?"

"वारं." तो थांबला, पुन्हा दम धरला. "दारातलं... वारं लागतंय."

एवढे शब्द तो एका वेळी कधी बोलल्याचं चतुराबाईला आठवत नव्हतं. द्वारकाचा राग तिथल्या तिथे विरघळला. बाप बोलला याचाच तिला आनंद झाला होता. पदराने त्याची हनुवटी पुसत, मग आधी सांगायचं नाही का, उगीच मी काहीबाही बोलले, म्हणून ती आईवरच लटकी रागावली. मग दादांना आवडते तशी घट्ट दुधाची खीर करते म्हणाली, आणि चपला घालून दूध आणायला गेली.

घरात दोघंच उरली. चतुराबाई मशीनवरून उठली, खाटेला वळसा घालून भिंतीकडच्या हातभर जागेत शिरली आणि झाडासमोर उभी राहिली. किती दिवसांनी ती त्याच्या डोळ्यांसमोर अशी उभी होती. डोळे तेच होते. त्यात राग शोधला, तो नव्हता. तिला तो असता तर बरं वाटलं असतं.

"तुमी कवा म्हणला व्हता मला?" तिने विचारलं.

त्याची नजर तिच्या खांद्यावरून झाडाकडे गेली.

"तुमाला समदं ठाव व्हतं, व्हय?"

त्याने डोळे मिटले आणि उघडले.

ती खाली वाकली, खाटेचा पाय धरला आणि ओढायला लागली. एकटीने खाट फिरणार नाही, हे माहीत असूनही ओढत राहिली. खाट कुरकुरली, पण हलली नाही. रामकिसनने डावा हात उचलून तिच्या खांद्यावर ठेवला. हाताला फारसा जोर नव्हता, थांबवण्यापुरता होता.

"ऱ्हाऊ दी," तो म्हणाला.

"नाय. मला नाय झोप लागायची आता."

"लागंल." आणि बराच वेळ पुढचा शब्द जुळवत राहिल्यावर, "जेवली नाहीस. जेव... जा. मी बघत नाय."

ती तशीच वाकलेली राहिली. त्याचा हात खांद्यावरून घसरून खाटेच्या कडेला पडला, तेव्हा तिने तो उचलून त्याच्या पोटावर ठेवला. मग उठली. ओट्यापाशी गेली, दुरडीतली भाकरी घेतली, ठेचा घेतला, आणि त्याच्या पाठीमागे, नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसली. ताट वाजू नये म्हणून तिने ते मांडीवरच घेतलं.

रामकिसन झाडाकडे तोंड करून पडला होता. इथून त्याची नुसती मानेची बाजू दिसत होती, कानामागचे वाढलेले पांढरे केस, आणि श्वासागणिक हलणारा बनियनचा पट्टा. तिने भाकरीचा तुकडा मोडला. तो कधी डोळे मिटतो, कधी उघडतो, हे इथून कळायला काही मार्गच नव्हता.

द्वारका दूध घेऊन दारात आली तेव्हा तुकडा अजून चतुराबाईच्या हातातच होता.

"काय बघायलीस, माय?"

"काय नाय," ती म्हणाली, आणि बघत राहिली.