वर्षाराणींच्या हाती आलेला माईक

मित्रांनो, कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका गल्लीत कृष्णातचे मंडप-लाउडस्पीकरचे दुकान आहे. तेथे वरच्या फळीवर, जाळीला पोचे पडलेला जो जाडजूड माईक दिसतो, तो मी. नीट पाहा माझ्याकडे. मी काही साधासुधा नाही!

कारखान्यात तारा जोडून, चकचकीत जाळी बसवून मला कृष्णातच्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या स्वाधीन केले गेले. पहिल्याच वर्षी कुस्तीच्या मैदानात पैलवानांची नावे माझ्यातून अशी घुमली की लोक म्हणाले, "आण्णा, माईक न्हाय, वाघ आणलाय की!" पुढे किती निवडणुका मी गाजवल्या! आमदार, खासदार, सभापती, सगळ्यांचे श्वास माझ्या ओळखीचे. बायकांचा आवाज मात्र माझ्या वाट्याला आला तो स्वागतगीतापुरता. त्या गाऊन खाली उतरत आणि मग भाषणे सुरू होत.

आमच्याच भागातल्या वर्षाराणी दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आल्या, तरी त्यांच्या प्रत्येक सभेत बोलले ते त्यांचे यजमान विजयसिंह. वर्षाराणींनी हात जोडायचे, एवढीच रीत.

मग त्या लोकसभेला उभ्या राहिल्या! शाहूवाडीच्या डोंगरात मोठी सभा भरली. बिनतारी माईक आल्यापासून मी फळीवरच धूळ खात होतो. पण डोंगरात त्यांचा भरवसा नाही, म्हणून कृष्णातने मला नेले. विजयसिंहांनी सवयीने मला हाती घेतले.

"माझ्या मंडळींच्या वतीनं मी..."

तोच त्यांच्या आत्ती, दूध संस्थेच्या चिमणाबाई, पुढच्या रांगेतून उठल्या. "विजयसिंह, मत कुणाला द्यायचं? तुला का सूनबाईला?"

"तिलाच की, आत्ती. पण ती बोलायला लाजती."

"मग दिल्लीत कोण बोलणार? तू पदर घिऊन जाणार व्हय?"

मैदान हसून लोटपोट झाले. आता वर्षाराणी मागे सरत्या, तर त्यांच्या नावाला मत कोण देणार होते? त्या उठल्या. पदर खोचून त्यांनी हात पुढे केला. विजयसिंहांची बोटे माझ्याभोवती आवळलेली मला जाणवत होती.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "लाजत न्हाय मी, आत्ती. आजवर नंबरच लागला नव्हता."

बोटे सुटली. त्यांनी मला तोंडाजवळ धरले आणि घाबरून मीच कर्णकर्कश शिट्टी मारली! लोक पुन्हा हसले. वर्षाराणी तसूभरही हलल्या नाहीत.

"रस्ता वाहून गेल्यावर बाळंतिणीला झोळीतनं नेलेलं मी बघितलंया. झोळीचं एक टोक माझ्या खांद्यावर हुतं. त्या बाईचं गाऱ्हाणं दिल्लीत मीच मांडणार. माझ्या तोंडानं!"

काय त्या टाळ्या! माझी जाळी थरथरली. विजयसिंहही टाळ्या वाजवत होते; हात रिकामे होते ना!

वर्षाराणी निवडून आल्या. संसदेतले त्यांचे पहिले भाषण कृष्णातने दुकानातल्या टीव्हीवर लावले. तोच आवाज, तोच ठसका! तेथे त्यांच्यापुढे दुसराच माईक होता. त्याचा मला हेवा वाटला नाही. अभिमानाने मी फुलून गेलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अडगळ म्हणू नका. त्यांची धूळ पुसत जा. आणि ही माझी आज्ञाच समजा: सभा संपल्याचे जाहीर करण्यापूर्वी बायकांच्या रांगेकडे एकदा वळून पाहा. कुणी उठत असेल, तर माझी वायर तिथपर्यंत पोहोचवा.