डोक्याच्या उंचीवरची ओल

बसलिंगप्पा मिस्त्रीने थापीची मूठ टाइलवर ठोकली. खालच्या रांगा ठणठणीत वाजल्या. डोक्याच्या उंचीवरची एक मात्र पोकळ वाजली. त्याने ती उचकटली, तसा मागचा गिलावा भिजल्या भाकरीसारखा हातात आला.

बाथरूमच्या दाराशी उभे सिद्रामप्पा एक पाऊल मागे सरले.

लातुरात पाणी रेल्वेने येत होतं आणि गल्लीत टँकर आठवड्याने. त्यांच्या मुलाने, संगप्पाने, घरात माणशी एक बादली ठरवून दिली होती. शॉवरला हात लावायचा नाही. अशा दिवसांत पलीकडच्या खोलीच्या भिंतीला पोपडे सुटले, म्हणजे पाइपच फुटला असणार, असं सगळे धरून चालले होते.

"पाइप धडधाकट हाय, मालक," मिस्त्री संगप्पाला म्हणाला. "कालपास्नं भरून ठेवलाय, थेंब गळला न्हाई. वरचे सांधे उघडे पडलेत, तिथून मुरलंय. बादलीचं पाणी एवढ्या वर जात नसतंय. शॉवर लावून राहिलंय कुणीतरी."

संगप्पाने बायकोकडे पाहिलं.

"शिवकांता, केस धूत होतीस?"

सिद्रामप्पांनी उजवा हात उपरण्याआड घेतला. दिवाळीपासून तो खांद्याच्या वर जात नव्हता. तांब्या छातीशीच अडायचा. आंघोळीशिवाय लिंगपूजा नाही, पूजेशिवाय घास नाही. सांगावं, तर उद्यापासून संगप्पा बापाला न्हाऊ घालणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

शिवकांताची नजर उपरण्यावर गेली. सासरे सदऱ्याच्या गुंड्या डाव्या हाताने लावतात, हे तिच्या नजरेतून सुटलं नसावं.

"हाव, मीच," ती म्हणाली.

मग संगप्पाचं तोंड सुटलं. लोक घागरीसाठी डोकी फोडून राहिलेत, तुला लाज कशी न्हाई, वगैरे, तेही मिस्त्रीदेखत. ती मान खाली घालून ऐकत राहिली. सिद्रामप्पांना स्वतःची शिसारी आली, पण जीभ काही उचलेना.

"तो शॉवर काढून पाइपाचं तोंड बुजव," संगप्पा म्हणाला.

"काढू नका," शिवकांता मिस्त्रीला म्हणाली. "मागून वॉटरप्रूफिंग करा, सांधे नीट भरा. अन् शॉवर खाली घ्या. बसून, थोडक्या पाण्यात आंघोळ होईल असा."

"बसून? कुणाला करायचीय बसून?" संगप्पाने विचारलं.

मिस्त्री हातातला गिलावा चुरत राहिला.

"मला," सिद्रामप्पा म्हणाले. "तिला बोलू नको."