बेटाचे दहा आणि बनुबाई

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेत आमचं एक बेट होतं. पंधरा घरांचं. इतकं चिंचोळं, की कोपऱ्यातून चेंडू मारायचा तर गडी गुडघाभर पाण्यात उभा राही. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. पुढं पुरानं बेटच नेलं, त्याला मी काय करू?

लढाई संपल्यावर नाथाजी पलटणीतून सुटून आला. येताना इटलीहून फुटबॉल घेऊन आला. मग वरचं बेट, खालचं बेट आणि आमचं, असे दरसाल सामने होऊ लागले. बक्षीस पितळी तांब्या. नियम एकच: ज्याची चूल ज्या बेटावर, तो त्या बेटाचा.

बनुबाईचा एकुलता ज्ञानू आमचा गोलकीपर. सत्तेचाळीस साली तो वरच्या बेटावर घरजावई गेला आणि नियमानं त्यांचा गोलकीपर झाला. आम्ही उरलो दहा.

"आजपास्नं मी तुला हाक मारनार न्हाई," म्हातारी त्याला म्हणाली, आणि वर्षभर तिनं शब्द पाळला. तो पल्याडच्या काठावरून "आये!" म्हणून बोंबले, ही भांडी घाशीत राही. भाकऱ्या मात्र अजून दोघांपुरत्या थापायची. उरलेल्या आम्ही खायचो, म्हणून ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्यात शेवटचा सामना वरच्या बेटावर लागला. आम्ही गूळ उकळायच्या थोरल्या काहिलीत बसून निघालो. वल्हं मारलं की काहील स्वतःभोवतीच गरगरते. पोचेस्तोवर निम्म्यांना दोन-दोन नद्या दिसत होत्या. बनुबाईही चढली.

"त्याला बघाय न्हाई येत. तुमची धोतरं राखाय येतीया."

आम्ही लंगोटीवर उतरलो, आणि ती आमची धोतरं घेऊन बसली नेमकी ज्ञानूच्या गोलामागं.

तासभर त्यानं एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. आम्हीही नाही.

"सासरची भाकर अंगी लागली रं!" नाथाजीनं खिजवलं.

कुठली लागतेय? गालफडं बसली होती पोराची.

अगदी शेवटाला चेंडू माझ्या पायाशी आला. मी मारला. फटका असा मऊ, की बदकानंही अडवला असता. ज्ञानू वाकला, हात पसरले.

मागून आवाज आला, "ज्ञानू, जेवतोस का न्हाई रं?"

तो गर्रकन वळला. चेंडू त्याच्या पायांमधून, वाट विचारत चालल्यासारखा, आत गेला.

त्याचा सासरा नानासो धावत आला. "आवं विहीणबाई, ही लबाडी झाली!"

"लबाडी कसली? पोराला इचारलं. हाडं दिसत्यात त्येची."

"दोन शेर दूध पितोय की वो!"

"मामा, गोल त्येंचाच धरा," धुळीत बसलेला ज्ञानू म्हणाला. मग आईकडं वळला. "आये, पुन्यांदा हाक मार की."

"ज्ञानू," ती म्हणाली, आणि धोतरांच्या गाठोड्यातून भाकरी काढली.

परतताना काहिलीत आम्ही दहाच. बनुबाईच्या जागी तांब्या. लेकाला खाऊ घालायला ती आठवडाभर मागं राहिली.

आमची धोतरंही तिच्यापाशीच राहिली.